मालक, भाडेकरू आणि प्रूदाँ: चाळीतली खोली नक्की कोणाची?

जुनी_चावी (धागाकर्ता)

५ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी निकाल दिला की खासगी मालकीची प्रत्येक गोष्ट 'समाजाची भौतिक साधनसंपत्ती' ठरत नाही. त्या दिवशी आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दिवाळी लांबली. "आता सरकार आपला फ्लॅट घेऊ शकत नाही!" घेणार होतं कोण, हे कुणी विचारलं नाही.

खटला फ्लॅटवाल्यांचा नव्हताच, दक्षिण मुंबईतल्या सेसच्या (म्हणजे दुरुस्तीचा उपकर भरणाऱ्या जुन्या) इमारतींचा होता. म्हाडा कायद्यात १९८६ साली 'आठ-अ' हे प्रकरण घातलं गेलं. इमारतीतल्या सत्तर टक्के रहिवाशांनी सहकारी संस्था करून मागणी केली, तर इमारत जागेसकट संपादन करून संस्थेला द्यायची आणि मालकाला मोबदला मासिक भाड्याच्या शंभर पट. आता भाडं कुठलं? १९४७ च्या कायद्याने १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला गोठवलेलं. मालकांची संघटना १९९१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात हरली, मग दिल्लीला गेली, आणि प्रकरण पाचांकडून सातांकडे, सातांकडून नऊंकडे फिरत राहिलं. तोवर इमारती टेकूवर उभ्या.

नऊ जणांपुढे मुख्य प्रश्न राज्यघटनेच्या कलम ३९(ख) च्या अर्थाचा होता: समाजाच्या भौतिक साधनसंपत्तीची मालकी आणि ताबा सर्वांच्या हिताच्या दृष्टीने वाटला जावा, असं ते कलम सांगतं. बहुमताने कसोट्या सांगितल्या: वस्तूचं स्वरूप काय, ती दुर्मीळ आहे का, समाजावर तिचा परिणाम काय, मोजक्यांच्या हाती एकवटली तर काय होईल. या कसोट्या गिरगाव-भुलेश्वरच्या जमिनीला लावून बघा. ग्रुपवरच्या पेढ्यांची चव जरा बदलते.

मला या सगळ्यात फ्रेंच विचारवंत प्रूदाँ आठवला. बेझाँसाँचा, पिंपं बनवणाऱ्याचा मुलगा, स्वतः छापखान्यात खिळे जुळवणारा. १८४० मध्ये त्याने 'मालमत्ता म्हणजे काय?' असा प्रश्न पुस्तकाच्या नावातच विचारला आणि 'चोरी' असं उत्तर देऊन टाकलं. त्या एका वाक्यावर लोक थांबतात, पुढचं वाचतच नाहीत. तुम्ही राहता ते घर, तुम्ही कसता ते शेत, तुम्ही वापरता ती हत्यारं, यावरचा तुमचा ताबा त्याला मान्य होता. त्याचा राग होता तो तिथे न राहता, न कसता, निव्वळ कागदाच्या जोरावर दुसऱ्याच्या कष्टातून भाडं, खंड आणि व्याज काढत राहण्याच्या हक्कावर. १८५१ मध्ये त्याने उपायही सांगितला: घराचं भरलेलं प्रत्येक भाडं किमतीपोटी जमा धरा, किंमत फिटली की मालकाचा संबंध संपला. आता म्हाडाचे ते शंभर महिने आठवा. आमदारांनी प्रूदाँ वाचला असेल असं मी म्हणत नाही. पण कल्पना सख्खी चुलत आहे.

गावात आपण हे अर्धंमुर्धं करून बसलोय. सातबारा हातात घेतलात तर सात नंबरात हक्क आणि बारा नंबरात पीक. वर नाव सावकाराचं किंवा इनामदाराचं, 'इतर हक्क' मध्ये कुळाचं, आणि खाली ज्वारी कुळाच्या घामाची. १ एप्रिल १९५७ ला कृषक दिन धरून कायद्याने कुळाला वरच्या रकान्यात सरकवलं. कसेल त्याची जमीन. राहील त्याचं घर, हे शहरात कुणी छातीठोकपणे म्हटलं नाही, म्हटलं ते 'शंभर पट' असं आडून.

रशियन ॲनार्किस्ट (म्हणजे सरकारच नको म्हणणारा) क्रोपोटकिन, त्याचा मुद्दा याहून भेदक. पॅरिसमधलं घर महाग का? विटांमुळे नव्हे, ते पॅरिसमध्ये आहे म्हणून. रस्ते, पूल, नाट्यगृहं, शेकडो वर्षांची माणसांची मेहनत त्या किमतीत मुरलेली असते, आणि ती उचलतो एकटा घरमालक. हे त्याने १८९२ मध्ये पुस्तकात छापलं. त्याच साली मुंबईला तानसाचं पाणी मिळालं, हा आपला योगायोग. तानसा, लोकल, गोदी आणि गिरण्या नसत्या तर गिरगावातल्या त्या वाडीला नारळाच्या भावाने कोणी विचारलं नसतं.

आता अडचण. पागडी. ती मी मुद्दाम चर्चेला ठेवतो. शिव्या द्या, पण वाचून द्या.

---

सरळव्याज

वाचून देतो. आमची एक इमारत आहे, गिरगावातच. अख्ख्या इमारतीच्या भाड्यात जिन्यातला दिवा आणि पाण्याची मोटर यांचा खर्च भागत नाही. वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूची दोन घरं ठाण्यात आहेत, इथे कुलूप. तुमच्या प्रूदाँच्या हिशेबाने 'न राहता हक्क सांगणारा' कोण? मी की तो?

आणि आजोबांनी ती इमारत आकाशातून आणली नाही. एडनला कारकुनी करून पैसे पाठवले, त्यातून उभी राहिली. माणसाने निसर्गात आपले श्रम मिसळले की ती वस्तू त्याची, हे इंग्रज तत्त्वज्ञ लॉकने प्रूदाँच्या दीडशे वर्षं आधी सांगून ठेवलंय.

---

जुनी_चावी

कुलूपवाल्याबद्दल शंभर टक्के सहमत. प्रूदाँच्या कसोटीवर तो पहिल्यांदा बाहेर. कसोटी भाडेकरूच्या बाजूने नाही, वापराच्या बाजूने आहे.

लॉकचं मात्र पूर्ण वाचा. त्याच प्रकरणात तो म्हणतो की माझ्या घोड्याने खाल्लेलं गवत आणि माझ्या नोकराने कापलेली ढेकळं, ही माझी मालमत्ता. श्रम नोकराचे, ढेकूळ धन्याचं. दोनशे वर्षं समाजवादी याच एका वाक्याशी भांडतायत. शिवाय त्याने अट घातली होती की इतरांसाठी पुरेसं आणि तितकंच चांगलं शिल्लक राहिलं पाहिजे. गिरगावात शिल्लक काय राहिलंय? आजोबांच्या एडनच्या पगाराची परतफेड व्हायलाच हवी. ती किती पिढ्या चालावी, एवढाच प्रश्न.

---

निवांत_पाटील

वाचनखूण साठवली. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. कोपऱ्यातली जागा पकडून बसलोय.

---

बांधावरून

शहरी लोकांनी शेतकऱ्याच्या मालकीवर प्रवचन दिलं की माझं डोकं फिरतं, तरी शांतपणे लिहितो.

घटनेत मालमत्तेचा मूलभूत हक्क होता. १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने तो गेला, ३००-अ मध्ये साधा कायदेशीर हक्क उरला. त्याचा फटका टाटा-बिर्लांना बसला का? बसला तो ज्याच्याकडे पाच एकर आहे आणि वकील नाही त्याला. धरण, एमआयडीसी, महामार्ग, सगळीकडे 'सार्वजनिक हित' म्हणून १८९४ च्या इंग्रजी कायद्याने जमिनी गेल्या, तो कायदा २०१३ पर्यंत चालला. शेतकरी नेते शरद जोशी आयुष्यभर सांगत राहिले की शेतकऱ्याचं खरं दुखणं सरकारी हस्तक्षेप आहे. सीलिंग (जमीनधारणेची कमाल मर्यादा) शेतीला, कारखान्याला नाही, हे कुठलं समाजवादी तर्कशास्त्र?

रायगडात पेण तालुक्यातल्या गावांनी २००८ मध्ये महामुंबई सेझवर (विशेष आर्थिक क्षेत्रावर) सार्वमत घेतलं. लोक कशाच्या जोरावर नाही म्हणू शकले? सातबाऱ्यावर नाव होतं म्हणून. चोरी म्हणायची तर ती सरकारची. गरिबाकडे असलेला एकमेव आडोसा काढून घेऊन त्याला क्रांती म्हणू नका. रशियात १९३० च्या आसपास सामुदायिक शेतीच्या नावाखाली काय झालं आणि युक्रेनात किती माणसं उपाशी मेली, हे पुन्हा सांगायला लावू नका.

---

जुनी_चावी

बांधावरून, तुम्ही न कळत रशियन ॲनार्किस्ट बाकुनिनच्या बाजूला बसलात. सगळी मालकी सरकारच्या हाती दिली की सरकारच एक अजस्र मालक होईल आणि कामगार त्याचा नोकर, हेच तर मार्क्सशी त्याचं भांडण. १८७२ ला हेगच्या अधिवेशनात त्याला त्याच भांडणातून हाकललं.

ॲनार्किस्टांनी प्रत्यक्षात काय केलं तेही बघा. १९३६ ला स्पेनमध्ये आरागॉन भागात गावांनी जमिनी एकत्र केल्या. ज्या छोट्या शेतकऱ्याला यायचं नव्हतं त्याने बाहेर राहावं, पण घरच्या माणसांना कसता येईल तेवढीच जमीन ठेवावी आणि मजूर लावू नयेत, असा नियम पुष्कळ गावांत होता. नियम सगळीकडे गोडीगुलाबीने पाळला गेला असं नाही, बंदुका हाताशी होत्या आणि दडपण होतं. पण १९३७ च्या ऑगस्टमध्ये आरागॉनची परिषद मोडली ती प्रजासत्ताकाच्याच सरकारने, कम्युनिस्ट लिस्टरची फौज पाठवून. तुमची पाच एकर त्या नियमात बसते. ज्यांना पेणची जमीन हवी होती ते बसत नाहीत.

---

विळाविरहित

उशिरा आलो. धागाकर्त्यांनी पागडीला नुसता हात लावून सोडून दिलं, मी पकडतो.

पागडी म्हणजे काय हे बाहेरच्यांसाठी: भाडं नाममात्र, पण खोलीत शिरताना लाखो रुपये मोजायचे. सोडताना पुढच्याकडून घ्यायचे आणि साधारण तिसरा हिस्सा मालकाच्या हातावर ठेवायचा, मग तो पावतीवर नाव बदलतो. अनेक दशकं हे काळ्यात चाललं, १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने त्याला रीतसर मान्यता दिली. म्हणजे वापराच्या हक्काचं काय झालं? बाजार उघडा होता, हक्क विकाऊ झाला, भाडेकरू छोटा मालक झाला. टॉवर येणार म्हटल्यावर तोही चौरस फुटांचीच भाषा बोलतो. मुळात जो घाटी मजूर गाळ्यात दहा जणांत झोपत होता त्याचा नातू आज विरारच्या पलीकडे आहे.

मार्क्सचा साथीदार एंगल्सने हे १८७२ मध्येच लिहिलंय. त्याच्या वेळच्या प्रूदाँवाद्यांची सूचना हीच होती, भाडेकरूला हप्त्याहप्त्याने मालक करा. तो म्हणाला, कामगाराला घराचा मालक करून घराचा प्रश्न सुटत नाही, तो एका जागेला बांधला मात्र जातो. आणि गलिच्छ वस्ती पाडून रुंद रस्ते काढणाऱ्यांबद्दल म्हणाला, हे लोक प्रश्न सोडवत नाहीत, तो दुसरीकडे सरकवतात. लालबाग-परळ ते नालासोपारा असा लोकलचा पास काढलेल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागणार नाही.

मालमत्ता ही वस्तू नाही, माणसामाणसातला संबंध आहे. मार्क्सने एका पील नावाच्या इंग्रज गृहस्थाचा किस्सा दिलाय. हा बाबा पैसा, सामान, मजूर असं सगळं जहाजात घालून ऑस्ट्रेलियात स्वान नदीवर गेला. तिथे मोकळी जमीन मुबलक. मजूर उतरले आणि पांगले. साहेबाचं अंथरूण घालायला आणि नदीवरून पाणी आणायला माणूस उरला नाही. भांडवल होतं तेवढंच होतं, फक्त ज्यांच्याकडे काहीच नाही अशी माणसं नव्हती.

---

सरळव्याज

किस्सा झकास. पण त्या 'मोकळ्या' जमिनीवर आधीपासून लोक राहत होते ना? मार्क्ससाहेबांनाही ते दिसले नाहीत वाटतं.

---

माहेरची_ओसरी

सगळे पुरुष बोलतायत असं दिसतंय, म्हणून लिहिते.

वडील गेल्यावर तलाठ्याकडे वारसनोंद झाली. सात नंबरात भावांबरोबर आम्हा बहिणींचीही नावं लागली. महिन्याभरात भावाने कागद आणला, हक्कसोडपत्र. "ताई, फक्त सही. दिवाळीला साडी आहेच की." सही करणारीला माहेर राहतं, न करणारीला फक्त कोर्टाची तारीख. महाराष्ट्रात मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत समान हक्क १९९४ मध्ये, देशभर २००५ मध्ये आला. कागदावर हक्क येऊन एवढी वर्षं झाली आणि दुय्यम निबंधकाच्या कचेरीबाहेर आजही डोक्यावर पदर घेतलेल्या बायका अंगठ्याला शाई लावून उभ्या असतात.

आता धागाकर्ते म्हणतात कागद महत्त्वाचा नाही, कसतो तो महत्त्वाचा. कसते कोण? खुरपणी, लावणी, काढणी बाई करते. पण 'कसणारा' म्हणून बारा नंबरात नवऱ्याचं नाव लागतं. म्हणजे तुमची वापराची कसोटी घरात शिरताना चपलेसारखी बाहेरच राहते. बाईच्या नावावर जमीन असली तर दारुड्या नवऱ्याला विकताना तिच्या सहीची गरज पडते. आमच्याकडे अजून मालकीच आलेली नाही हो. ती यायच्या आधीच तुम्ही मोडीत काढायला निघालात.

---

विळाविरहित

ताई, पहिल्या अर्ध्या भागाला +१. एंगल्सने १८८४ मध्ये खासगी मालमत्ता आणि बाईची गुलामी यांचा सांधा जुळवला होता…

---

माहेरची_ओसरी

त्याला म्हणावं हक्कसोडपत्रावर सही करायला ये.

---

गावकुसाबाहेर

ताईंच्या पाठोपाठ माझंही.

'पूर्वी गावात सामायिक जमीन होती, मग कुंपणं पडली आणि गरीब उघड्यावर आला,' हे इंग्लंडचं चित्र म्हणून मला पटतं. पार्लमेंटने पाच हजारांवर कायदे करून सुमारे ६८ लाख एकरांना कुंपण घातलं. १६४९ मध्ये विन्स्टनली आणि त्याचे साथीदार सरे परगण्यातल्या सेंट जॉर्जेस हिलवर पडीक जमीन खणून भाजी लावायला गेले, तेव्हा जमीनदारांनी त्यांना मारून हाकललं. आज त्याच टेकडीवर कोट्यधीशांची बंदिस्त वसाहत आणि गोल्फ क्लब आहे.

पण हे चित्र उचलून मराठी गावावर चिकटवू नका. गायरान सगळ्या गावाचं, असं म्हणायचं. गुरं कोणाची चरत होती? ज्यांच्याकडे गुरं होती त्यांची. आमच्या लोकांनी तिथे नांगर घातला तर तेच गाव 'अतिक्रमण' म्हणून काठ्या घेऊन आलं. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४ मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह केला तो पडीक जमीन कसणाऱ्यांच्या नावावर करा म्हणून. सामायिक ठेवा म्हणून नव्हे. वतनाचंही तसंच. महार वतन ही कागदोपत्री जमीन आणि प्रत्यक्षात वेठ. बाबासाहेबांनी त्याविरुद्ध १९२८ मध्ये विधेयक आणलं, खोतीविरुद्ध १९३७ मध्ये.

आणि १९४७ मध्ये त्यांनी घटना समितीसाठी जी मांडणी केली तिच्यात शेती सरकारी मालकीची, गावकऱ्यांना जातपात न बघता सामुदायिक कसायला दिलेली. ना जमीनदार, ना कूळ, ना भूमिहीन मजूर. सरकारी का? कारण गावावर त्यांचा विश्वास नव्हता. ॲनार्किस्टांना 'समाज' शब्द गोड वाटतो. आमच्यासाठी तो पाटलाच्या वाड्यावर भरतो.

त्याच बाबासाहेबांनी बुद्ध आणि मार्क्सची तुलना करताना भिक्खूंच्या आठ वस्तूंची यादी दिली आहे: तीन चीवरं, कंबरपट्टा, भिक्षापात्र, वस्तरा, सुई, पाण्याची गाळणी. एवढीच मालमत्ता. रशियापेक्षा कडक नियम, आणि तोही बळजबरीशिवाय.

---

मोहफूल

गडचिरोलीत काही वर्षं काम केलंय, त्यामुळे मेंढा (लेखा) बद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही.

धानोरा तालुक्यातलं छोटं गोंड गाव. घोषणा तुम्ही ऐकली असेल: दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी वनखातं बांबू नेऊ देईना, वाहतुकीचा परवाना त्यांच्या हातात. एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात येऊन परवान्याचं पुस्तक ग्रामसभेला देऊन गेले तेव्हा बांबू गावाचा झाला. हक्क असणं वेगळं आणि परवान्याचं पुस्तक हातात असणं वेगळं, हे तिथे कळतं.

पुढचं पाऊल याहून मोठं. २०१३ मध्ये गावाने १९६४ च्या ग्रामदान कायद्याखाली शेतीसुद्धा ग्रामसभेकडे सोपवली. म्हणजे जमीन काढून घेतली असं नाही. ज्याची तो कसतो, त्याची मुलंबाळं कसतात. फक्त ती गावाबाहेर विकता येत नाही आणि थोडा हिस्सा भूमिहीनांना जातो. विळाविरहितांनी पागडीत जे भोक दाखवलं ते इथे बुजवलंय: वापर तुमचा, विक्री तुमच्या एकट्याची नाही. विनोबांचं ग्रामदान बहुतेक ठिकाणी कागदावरच विरलं, बिहारच्या आकड्यांवर तर हसावं की रडावं. मेंढ्यात टिकलं कारण निर्णय सर्वसहमतीने होतात, बहुमताने नाही. एक म्हातारी 'नाही' म्हणाली तरी बैठक पुढच्या वेळेवर जाते. कंटाळा येतो. मी बसलोय त्या बैठकांना.

माहेरची_ओसरी ताई, गावातल्या बायका बैठकीला असतात आणि बोलतात. वारसात मुलींचं काय होतं यावर मात्र मी छातीठोक लिहिणार नाही.

---

सरळव्याज

सुंदर. पण ते जंगलातलं गाव. गिरगावात विक्री बंद केलीत तर दुरुस्तीला पैसा कुठून आणणार? बांबू विकून?

---

जुनी_चावी

सरळव्याज, तुम्ही स्वतः कुठे राहता? बहुधा एखाद्या सहकारी गृहनिर्माण संस्थेत. ज्या ग्रुपवर परवा खासगी मालकीचा जयजयकार झाला त्यातल्या निम्म्यांच्या हातात भागपत्र आहे, जमिनीचा कागद नाही. जमीन आणि इमारत संस्थेची असते, तीही बिल्डरने अभिहस्तांतरण केलं, म्हणजे ती संस्थेच्या नावावर करून दिली असेल तर. नसेल तर वर्षानुवर्षं मानीव (म्हणजे बिल्डरच्या सहीविना सरकारी आदेशाने होणाऱ्या) अभिहस्तांतरणाच्या फाइली घेऊन सेक्रेटरी उपनिबंधकाकडे खेटे घालतो. आपण सगळे आधीच सामायिक मालकीत राहतो, पार्किंगवरून भांडतो, सिंकिंग फंड भरतो, आणि स्वतःला खासगी मालक म्हणवून घेतो. दुरुस्तीचा पैसा तिथूनच येतो. विकताना मिळणाऱ्या वाढीव किमतीतला मोठा वाटा संस्थेकडे राहील असा नियम केला तर क्रोपोटकिनच्या मुद्द्याचं निम्मं काम होतं. आजची हस्तांतरण फी पंचवीस हजारांवर अडवून ठेवलीय, ती का, हा खरा वादाचा विषय.

---

गावकुसाबाहेर

आणि सभासद कोणाला करून घ्यायचं हे कोण ठरवणार?

२००५ मध्ये अहमदाबादच्या पारशी सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं की संस्था आपल्या उपविधीत फक्त आपल्याच समाजाला सभासदत्व देऊ शकते. मुंबईत त्यासाठी उपविधीही लागत नाही. "आमच्याकडे नॉनव्हेज चालत नाही" एवढं फोनवर सांगितलं की पुरतं, आडनाव आधीच विचारलेलं असतं. मी भाड्याने घर शोधताना ऐकलंय, विकत घेताना पण ऐकलं. शेवटी घर मिळालं ते एका एकट्या मालकाकडून, त्याला घाईने पैसे हवे होते म्हणून.

विक्रीवर संस्थेचा ताबा हवा असेल तर आधी तुमच्या संस्थेच्या पुढच्या सर्वसाधारण सभेत सभासदत्व कुणालाही जात, धर्म, आहार बघून नाकारता येणार नाही असा ठराव आणा, आणि त्याला किती हात वर होतात ते इथे येऊन लिहा. मग मी वाढीव किमतीच्या वाट्याबद्दल बोलतो.

---

निवांत_पाटील

आमच्या सोसायटीची सभा रविवारी आहे. विषयपत्रिकेवर लिफ्ट आणि कबुतरांची जाळी आहे. "अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय" मध्ये टाकून बघतो.